अमेरिकन रीड ऑर्गन

अमेरिकन रीड ऑर्गन हे पायाने भाता चालवून वाजवण्याचे, पितळी रीडचे (हवेने कंप पावणाऱ्या पात्यांचे) वाद्य असून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घरांत आणि लहान चर्चमध्ये सर्रास आढळत असे. फ्रान्समध्ये आलेक्सांद्र दबँ याने १८४२ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, त्या हार्मोनियममध्ये भात्यातील दाबलेली हवा रीडमधून बाहेर पडते. आपल्या हातपेटीचे तत्त्वही तेच. अमेरिकन ऑर्गनमध्ये मात्र हवा उलट्या दिशेने, म्हणजे बाहेरून आत ओढली जाते, आणि त्याची अंतर्रचना बहुतांशी या एका फरकातून ठरली आहे.

दोन पायट्यांना पट्ट्यांनी जोडलेले दोन छोटे भाते मोठ्या साठवण-भात्यातील हवा उपसून बाहेर टाकतात. साठवण-भाता आतील स्प्रिंगांच्या विरोधात मिटत जातो आणि पेटीच्या आत खोलीतल्या हवेपेक्षा कमी दाब टिकून राहतो. वर रीडचा लाकडी तक्ता असतो. त्यात प्रत्येक रीडसाठी स्वतंत्र खाच कोरलेली असते. वाजवण्याची पट्टी दाबली की एक बारीक लाकडी दांडी खाली सरकून तक्त्याखालची झडप उघडते आणि बाहेरची हवा रीडमधून आत खेचली जाऊन पाते कंप पावू लागते. खाचेत घट्ट सरकवलेले रीड आकड्याने ओढून काढता येते, त्यामुळे धूळ बसून मुका झालेला सूर साफ करण्यासाठी सगळे वाद्य खोलावे लागत नाही.

रीड म्हणजे पितळी चौकटीत एका टोकाला रिव्हेट केलेले पाते. ते टोकाजवळ खरवडले तर स्वर चढतो, मुळाशी खरवडले तर उतरतो. पात्याच्या टोकाला किंचित बाक आणि पीळ दिल्यास स्वराचा कर्कशपणा जातो, हे एमन्स हॅम्लिन याने १८४० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. पुढे १८५४ मध्ये त्याने हेन्री मेसनबरोबर बोस्टन येथे मेसन अँड हॅम्लिन ही कंपनी काढली. अमेरिकन ऑर्गनचा मृदू, गोलसर नाद या कारागिरीचे फळ आहे.

नेहमीच्या ऑर्गनला पाच सप्तकांच्या ६१ पट्ट्या असतात आणि रीडच्या दोन रांगा धरल्या तर १२२ रीड. स्टॉपच्या, म्हणजे रीडची रांग चालू-बंद करणाऱ्या खुंट्यांच्या, संख्येवरून मात्र वाद्याची योग्यता ठरवू नये. रांगा मध्यावर खर्ज आणि तार अशा विभागलेल्या असल्याने एका रांगेला दोन स्टॉप लागतातच. शिवाय रांगेवरची तीच झाकणी अर्धवट उघडून मंद आवाज देणाऱ्या स्टॉपला वेगळे, भारदस्त नाव दिलेले असते. सेलेस्ट नावाच्या स्टॉपमध्ये किंचित बेसूर लावलेल्या दोन रांगा एकत्र वाजून स्वर हेलकावतो, तर व्हॉक्स ह्युमाना या स्टॉपमध्ये शोषलेल्या हवेवरच फिरणारा पंखा कंप निर्माण करतो. आवाज वाढवण्यासाठी गुडघ्याने ढकलायच्या दांड्या असतात.

व्हरमाँटमधील ब्रॅटलबरो येथील एस्टी कंपनीने १९६० मध्ये बंद होईपर्यंत पाच लाखांहून अधिक रीड ऑर्गन बनवले. अक्रोडाच्या किंवा ओकच्या लाकडाचे, आरसे आणि दिव्यांच्या फळ्या लावलेले उंच माथे ही या काळाची खास हौस. नादाशी त्यांचा संबंध नाही. स्वस्त पियानो घरोघरी पोहोचले तसा विसाव्या शतकाच्या आरंभी या वाद्याचा खप ओसरला.

मराठी संगीत रंगभूमीवर पायाने वाजवायचा ऑर्गन साथीला रुळला, कारण दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात आणि लांबलेला स्वर भात्याच्या हिसक्याविना टिकतो.

जुन्या नगांत प्रथम भात्याचे रबरी कापड कडक होऊन फाटते, मग झडपांवरचे चामडे आणि लोकर कसर खाते. झडप नीट बसली नाही की पट्टी न दाबताही सूर वाजत राहतो. कापड आणि चामडे नवे घालता येते; कोरड्या उष्णतेने तडकलेला रीडचा तक्ता दुरुस्त करणे मात्र अवघड असते, कारण फटीतून शिरणारी हवा शोषण कमी करते आणि कितीही पाय मारले तरी स्वर क्षीण राहतो.