चार शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं?

रेसिपीत "कुकरला चार शिट्ट्या काढा" असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला त्यात काहीच खटकत नाही. पण कुकरबरोबर येणारी पुस्तिका कधी उघडून बघा (कोणी बघत नाही, माझी पण ड्रॉवरमध्ये मेणबत्त्यांखाली पडलीये), त्यात मिनिटं दिलेली असतात. पूर्ण प्रेशर आलं की गॅस बारीक करायचा आणि तिथून वेळ धरायचा. शिट्ट्या मोजणं ही आपल्या घराघरातली पद्धत.

मुळात हे भांडं वरणभातासाठी नव्हतंच, हाडांसाठी होतं. दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये लंडनमध्ये घट्ट झाकणाचं जाड भांडं केलं, वाफ आत कोंडायची आणि कडक हाडं मऊ करायची. आता वाफ कोंडली की भांडं फुटायची भीती आलीच, म्हणून त्यानं झाकणाच्या भोकावर वजन टाकलेला दांडा बसवला, वाफ जास्त झाली की ती वजन उचलून बाहेर. आपली शिट्टी ती हीच, एक साधं वजन! १६८२ मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेतल्या मंडळींना या भांड्यात शिजवलेलं जेवण मिळालं, आणि त्यातली हाडं चीजसारखी मऊ झाली होती असं त्यातल्याच जॉन एव्हलिन या इंग्रज लेखकानं डायरीत लिहून ठेवलंय.

त्यानंतर घरगुती स्वयंपाकघरात यायला याला अडीचशेच्या वर वर्षं लागली. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात प्रेस्टो कुकरवाल्या अमेरिकन कंपनीनं हाताळायला सोपं असं मॉडेल दाखवलं आणि मग अमेरिकेत ते चाललं.

आपल्याकडे त्याच्याही आधी एक वेगळाच प्रकार होऊन गेला, इकमिक कुकर. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये काढलेला. खाली कोळशाचे निखारे, वर डब्यावर डबा, एकात भात एकात डाळ एकात मटण, सगळं वाफेवर हळूहळू शिजणार आणि मध्येमध्ये ढवळायला उभं राहायला नको. त्यात प्रेशर नव्हतं, पण एकाच आचेवर सगळा स्वयंपाक एकावर एक लावायचा हा विचार बघा, आपल्या कुकरच्या डब्यांचाच की!

खरा प्रेशर कुकर आला १९५९ ला आणि एकदम दोन आले. मुंबईत एच. डी. वासुदेव यांनी इंग्लंडच्या हॉकिन्सशी करार करून, आणि मद्रासकडच्या टीटीके कंपनीच्या मंडळींनी इंग्लंडच्याच प्रेस्टीजशी. हॉकिन्सचं झाकण आतून बसतं, म्हणजे वाफच ते वर दाबून धरते आणि प्रेशर असेपर्यंत उघडतच नाही. प्रेशरखाली पाणी साधारण १२० अंशाला उकळतं, १०० ला नाही, सगळी जादू एवढीच. तूरडाळ म्हणूनच पटकन गळते.

आमची आजी मात्र त्याला बरीच वर्षं "बाँब" म्हणायची. तिची डाळ पातेल्यात, वर ताटलीत पाणी, डाळीतलं पाणी आटलं की ताटलीतलं गरम पाणी आत ओतायचं, गार ओतलं तर डाळ गणंग राहते हे तिचं शास्त्र. आईनं कुकर आणला तेव्हा पहिली शिट्टी झाली की आजी थेट अंगणात. पण रॉकेलचा स्टोव्ह अर्धाच वेळ पेटवावा लागतो हे लक्षात आल्यावर तीच "दोन झाल्या, तिसरीला बंद कर" असं ओट्यापासून चार हात लांबून सांगायला लागली.

गंमत म्हणजे प्रत्येक कुकरच्या शिट्टीचा हिशोब वेगळा. मोठी आच, छोटा कुकर, पाणी कमी, की शिट्ट्या पटापट. माझी बहीण जर्मनीत गेली, तिथे घेतलेल्या कुकरला स्प्रिंगचा व्हॉल्व, शिट्टीच नाही. पहिल्या दिवशी तिनं फोन केला, राजमा लावून अर्धा तास झाला तरी एकही होत नाहीये, काय करू? आई म्हणाली, "बंद कर आधी, बिघडलाय तो."