स्कॅफोल्डच्या गाभ्यापर्यंत ऑक्सिजन : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोल्हापूर परिसरात स्कॅफोल्डवर, म्हणजे पेशींना आधार देणाऱ्या सच्छिद्र सांगाड्यावर, पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळा, महाविद्यालये आणि संशोधक विद्यार्थी यांना आम्ही ऑक्सिजनपुरवठा व पेशीवाढ यांचे गणिती मॉडेल तयार करून देतो. या मॉडेलमधून कोणती उत्तरे मिळतात आणि कोणती मिळत नाहीत, हे काम सोपवण्यापूर्वीच आपल्याला स्पष्ट असावे, यासाठी हे पत्रक.

शरीरातील बहुतेक पेशी एखाद्या केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रोमीटरच्या आत असतात. प्रयोगशाळेतील साध्या स्कॅफोल्डमध्ये केशवाहिन्या नसतात आणि मीडियममध्ये (पेशी वाढवण्याच्या पोषकद्रवात) हिमोग्लोबिनही नसते. ३७ अंश सेल्सिअसला हवेच्या संपर्कातील एक लिटर मीडियममध्ये जेमतेम ०.२ मिलिमोल ऑक्सिजन विरघळतो. धमनीतील रक्त याच्या सुमारे चाळीसपट ऑक्सिजन वाहून नेते. हा तुटपुंजा साठा केवळ विसरणाने (जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत) आत सरकतो आणि त्यासाठी लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : १०० मायक्रोमीटरला दोन-तीन सेकंद, १ मिलिमीटरला सुमारे चार मिनिटे, तर १ सेंटिमीटरला जवळजवळ सात तास. उद्यमनगरातल्या फाउंड्रीचालकांना कास्टिंगच्या जाड भागातून उष्णता किती सावकाश बाहेर पडते हे ठाऊक असते. त्या उष्णतावहनाचे आणि या विसरणाचे समीकरण एकाच घडणीचे आहे. आपल्या बाबतीत मात्र वाटेतल्या पेशी ऑक्सिजन वापरत असतात आणि त्यांची संख्याही वाढत असते.

या विचाराची पायवाट जुनी आहे. डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोघ यांनी १९१९ मध्ये केशवाहिनीभोवतीच्या ऊतीचा दंडगोल कल्पून ऑक्सिजन किती दूर पोहोचेल ते मांडले. त्यामागचे समीकरण गणिती एर्लांग यांनी सोडवून दिले होते. पेशींचा ऑक्सिजनवापर आजही बहुधा मायकेलिस आणि मेंटेन यांच्या विकरक्रियेच्या (एन्झाइमच्या) वेगाविषयीच्या १९१३ च्या सूत्राच्या रूपात लिहिला जातो.

उदाहरणादाखल, प्रत्येक पेशी सेकंदाला ५० अ‍ॅटोमोल (एक अ‍ॅटोमोल म्हणजे मोलचा १०⁻¹⁸ भाग) ऑक्सिजन वापरते आणि एका मिलिलिटरमध्ये १ कोटी पेशी आहेत असे धरले, तर एका बाजूने ऑक्सिजन सुमारे १.२५ मिलिमीटर खोल जातो. पेशी दसपट झाल्या की ही खोली ०.४ मिलिमीटरवर येते. पेशींची घनता चौपट केल्यास खोली निम्मी होते, हा वर्गमुळाचा नियम स्कॅफोल्डची जाडी ठरवण्याआधीच विचारात घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. सुरुवातीला गाभ्यापर्यंत पुरणारा ऑक्सिजन पेशी वाढल्यावर पुरेनासा होतो. कडेच्या पेशी भराभर वाढून छिद्रे बुजवतात आणि आतल्या पेशी उपाशी राहतात. म्हणूनच आम्ही ऑक्सिजन आणि पेशीसंख्या यांची समीकरणे एकत्र, काळाच्या ओघात सोडवतो. केवळ पहिल्या दिवसाचे चित्र फसवे असते.

दोन गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होते. स्कॅफोल्डवर उभा असलेला दोन-तीन मिलिमीटरचा मीडियमचा थर हाही विसरणातला अडथळाच असतो. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब, आणि त्याबरोबर विरघळणारा ऑक्सिजन, सुमारे ६ टक्के कमी असतो. ऑक्सिजन किती खोल पोहोचतो यात त्यामुळे ३ टक्क्यांचाच फरक पडतो, पण किनाऱ्यावरील प्रयोगशाळेतले आकडे जसेच्या तसे घेणे योग्य नाही.

मीडियम पंपाने वाहते ठेवल्यास पुरवठा पुष्कळ सुधारतो. मात्र वेग वाढला की पेशींवरचा घर्षणताणही (वाहत्या द्रवामुळे पृष्ठभागावर येणारा ताण) वाढतो, त्यामुळे या दोन्हींचा हिशेब आम्ही एकत्र देतो.

आपल्याकडून स्कॅफोल्डची जाडी व सच्छिद्रता, पेशींचा प्रकार व आरंभीची संख्या, मीडियमची उंची आणि इन्क्युबेटरमधील वायूंचे प्रमाण एवढी माहिती लागते. पेशींचा ऑक्सिजनवापर आपण स्वतः मोजलेला असल्यास उत्तम, कारण पेशीप्रकारानुसार तो कितीतरी पटींनी बदलतो आणि निष्कर्षातली सर्वाधिक अनिश्चितता तेथूनच येते. अहवालात कोणता आकडा मोजलेला आणि कोणता गृहीत धरलेला, हे आम्ही वेगळे नोंदवतो. पेशींचे रूपांतर किंवा ऊतीची मजबुती यांविषयी हे मॉडेल काहीही सांगत नाही. शिवाय मॉडेलचा अंदाज पडताळण्यासाठी स्कॅफोल्डचा छेद घेऊन गाभ्यातल्या जिवंत पेशी मोजाव्याच लागतात, आणि ती मोजणी आमच्याकडे पाठवल्यास मॉडेल तिच्याशी पडताळून सुधारून दिले जाते.