नाताळची घरगुती सजावट : ठाणे व नवी मुंबई

ख्रिस्तजन्माच्या सणासाठी घरीच केलेले कागदी तारे, गव्हाणीचा (येशू जन्मला त्या गोठ्याचा) देखावा, झाडाला टांगायच्या लहानसहान वस्तू आणि पताका. ठाणे-नवी मुंबईत या कामाला वेगळे साहित्य फारसे लागत नाही. गणपतीच्या मखरातून आणि दिवाळीच्या आकाशकंदिलातून उरलेला पुठ्ठा, पतंगी कागद, जिलेटीन, सोनेरी लेस आणि दिव्यांच्या माळा यांवर निम्मे काम भागते. कलाकुसर तीच, फक्त कोन बदलतात.

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. सोळाव्या शतकापासून १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत ठाणे पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आणि उत्तनसारखी किनाऱ्यावरची ख्रिस्ती गावे ही त्या काळाची खूण. या गावांतली घरची बोली मराठीच आहे. नवी मुंबईची गोष्ट निराळी. १९७० मध्ये सिडको हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन झाल्यानंतर वसलेल्या या शहरात केरळ, गोवा, मंगळूरकडची कुटुंबे आपापली रीत घेऊन आली. म्हणून वाशी-नेरूळच्या गॅलऱ्यांत घडीच्या पुठ्ठ्याचे, भोके पाडलेले केरळी तारे दिसतात, तर जुन्या ठाण्यात कामट्यांचा तारा अजून टिकून आहे.

हा कामट्यांचा तारा म्हणजे या सजावटीतला खरा कसबाचा भाग. सारख्या लांबीच्या दहा कामट्या लागतात. पाच कामट्या एकमेकींच्या वरखाली घालून एक पाचकोनी तारा बांधायचा, उरलेल्या पाचांचा दुसरा. कामटी ६० सेंटिमीटरची असेल, तर तिच्यावरचे दोन छेद, म्हणजे इतर कामट्या तिला ओलांडतात त्या जागा, दोन्ही टोकांपासून सुमारे २३ सेंटिमीटरवर यायला हवेत आणि मधले अंतर १४ सेंटिमीटर उरायला हवे. प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंशांचा. एवढे जमले की तारा तिरका दिसत नाही. बहुतेक घरगुती तारे इथेच लंगडे होतात. मग दोन्ही तारे एकावर एक ठेवून त्यांची पाचही टोके दोऱ्याने आवळतात आणि आतल्या पाच छेदांपाशी बोटभर लांबीच्या काड्या उभ्या अडकवतात. सपाट सापळा तेव्हा फुगतो. षटकोनी आकाशकंदील बांधलेल्या हाताला दोरा आवळणे शिकवावे लागत नाही, पण पाचाचा हिशेब त्यालाही पहिल्या वर्षी चुकवतो.

कागद चिकटवायला मैद्याची खळ. झुरळांनी ती खाऊ नये म्हणून पूर्वी तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी असल्याने मुलांच्या हाती ही खळ देऊ नये. पतंगी कागद खळीने ओला होऊन सुकला की ताणून बसतो आणि उजेड मऊ पाझरतो. जिलेटीन ताणून बसत नाही, चुरगळते, पण रंग झगझगीत देते. पसंती ज्याची त्याची. प्रस्तुत नोंदकाराचे मत पतंगी कागदाच्या बाजूचे आहे. आत पूर्वी पिवळा बल्ब सोडत, तेव्हा त्याच्या उष्णतेने कागद करपण्याची भीती असे. एलईडीने ती बरीच कमी केली. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, सुरू झाला की तारा दारावर चढतो.

गव्हाणी किंवा गोठा हे सजावटीचे दुसरे अंग. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे गव्हाणीचा जिवंत देखावा उभा केला, तिथून ही प्रथा पसरली. त्यांच्याच पंथाचे चार साधू १३२१ मध्ये ठाण्यात मारले गेले; पोर्तुगीज यायला तेव्हा दोन शतके अवकाश होता. देखाव्यासाठी घरोघरी पुठ्ठ्याचे डोंगर, खाकी कागदाचे खडक आणि कोंड्या-पेंढ्याचे छप्पर करतात. त्यात खरी हिरवळ आणण्यासाठी दहा-बारा दिवस आधी पसरट भांड्यात माती घालून नाचणी किंवा गहू पेरतात. घटस्थापनेचे धान रुजवलेल्या शेजारणीला यात काही नवल वाटत नाही. थर्माकोलचे डोंगर मात्र गेले: २०१८ मध्ये महाराष्ट्राने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली, तिचा फटका मखरांइतकाच गोठ्यालाही बसला.

झाड बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे. काही घरांत अजून किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी डब्यात वाळू भरून उभी करतात. झाडावरच्या वस्तू मुळात घरगुतीच होत्या. १६०५ च्या स्ट्रासबुर्गमधील वर्णनात झाडावर कागदी गुलाब आणि सफरचंदे आहेत. जर्मनीतील लाउशा गावचे काचेचे गोळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आले आणि मग बाजाराने झाड व्यापले. ठाण्यात या वस्तूंसाठी जुन्या काचेच्या बांगड्यांना लोकर गुंडाळतात, करवंटीचे तुकडे घासतात, क्रोशाच्या चांदण्या विणून त्यांना साबुदाण्याच्या पेजेची खळ देतात, म्हणजे त्या ताठ राहतात. बर्फ म्हणून कापूस पसरण्याची हौस कायम आहे. इथल्या डिसेंबरात पंखा बंद करावा एवढीच थंडी पडते, तरी बर्फ हवाच! कापूस चटकन पेट घेतो, म्हणून तो मेणबत्त्यांपासून दूर ठेवावा.

मीठ-पिठाच्या वस्तू मुलांना विशेष आवडतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तेवढे पाणी घालून घट्ट कणीक मळायची, झाकणांनी आकार कापायचे, दोरा ओवायला भोक पाडायचे आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर दोन-तीन तास सुकवायचे. डिसेंबरात त्या खडखडीत होतात. पण हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढते, आणि ठाण्याचा पावसाळा या रेषेखाली क्वचितच उतरतो. जुलैत कपाट उघडले तर चांदणीचा चिखल सापडतो. वॉर्निशचे दोन हात दिल्याने तो लांबतो, टळत नाही. वाळवलेल्या फळांच्या चकत्यांनाही असाच स्थानिक अडसर आहे. वाशीच्या फळबाजारात या दिवसांत नागपुरी संत्री येतात खरी, पण त्यांची साल सुटी असते आणि चकतीतून फोडी गळतात. त्यामानाने मोसंबी बरी. मुंग्यांपासून मात्र कोणतीच वाचत नाही.

६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर (बाळ येशूच्या भेटीला आलेल्या राजांचा हा सण) सजावट उतरवतात. ताऱ्याच्या उभ्या काड्या काढल्या की तो पुन्हा सपाट होतो आणि पोटमाळ्यावर भिंतीला टेकवून ठेवता येतो. फाटका कागद तसाच राहतो. तो पुढच्या नोव्हेंबरात, आकाशकंदिलाची खळ शिजवताना, ओला करून सोडवतात.