खेकडा घेताना आधी पोटाखाली बघा

अंडी बाहेर आलेली मादी आम्ही विकत नाही. कितीही मोठी असू दे, कोणी कितीही आग्रह करू दे. बरेच ग्राहक यावर नाराज होतात आणि काउंटरवर गर्दीत नीट समजावून सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक काढलंय, घरी नेऊन निवांत वाचा.

खेकडा उलटा केला की पोटाखाली दुमडलेली एक झडप दिसते. नराची झडप अरुंद आणि टोकाकडे निमुळती, वयात आलेल्या मादीची रुंद, गोलसर, जवळजवळ सगळं पोट झाकणारी. आणि तिसरा प्रकार आहे जो पटकन लक्षात येत नाही, झडप त्रिकोणी असेल तर ती अजून लहान मादी आहे, तिने एकदाही अंडी दिलेली नाहीत. निळ्या समुद्री खेकड्यात तर रंगावरूनच कळतं, नर निळा आणि मादी हिरवट तपकिरी, बरेच लोक त्या दोन वेगळ्या जाती समजतात पण नाही, जोडपंच आहे ते.

आता लाखेबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. पाठीच्या कवचाच्या आत जी नारिंगी लाख असते ती मादीची अंडाशयं, म्हणजे अंडी अजून बाहेर यायची आहेत. झडपेच्या बाहेर जो स्पंजसारखा गोळा दिसतो ती फळलेली अंडी. तो आधी पिवळा-नारिंगी असतो, मग तपकिरी होतो, आणि शेवटी काळपट, काळपट म्हणजे पिल्लांचे डोळे दिसायला लागलेत, एकदोन दिवसांत ती बाहेर पडणार. उष्ण पाण्यात हे सगळं साधारण दोन आठवड्यांच्या आत उरकतं. चिखलातल्या मोठ्या हिरव्या खेकड्याच्या, ज्याला मड क्रॅब म्हणतात त्याच्या, एका मादीच्या पोटाखाली दहा लाखांहूनही कितीतरी जास्त अंडी असू शकतात. इतकी असतात कारण त्यातली जवळजवळ सगळी मरतात.

पुढचा प्रवास खरंच थक्क करणारा आहे. मड क्रॅब आयुष्यभर खाडीत, खारफुटीत राहतो, पण अंडी सोडायला मादी तिथून निघून उघड्या समुद्रात जाते कारण पिल्लांना खारं स्वच्छ पाणी लागतं. पिल्लू खेकड्यासारखं अजिबात दिसत नाही, काटेरी, मोठ्या डोळ्यांचा, पाण्यात तरंगणारा ठिपका असतो तो, झोइया म्हणतात त्याला. पाच वेळा रूप बदलतं, त्याला दोन ते तीन आठवडे जातात, मग मेगालोपा नावाची अवस्था, आणि त्यानंतर कुठे नखाएवढा खेकडा तयार होतो आणि किनाऱ्याकडे वळून खारफुटीच्या मुळांत किंवा समुद्री गवतात लपतो. वाटेत मासे खातात, प्रवाह भलतीकडे नेतो, आणि हॅचरीत, म्हणजे अंड्यांपासून पिल्लं वाढवायच्या केंद्रात, सगळी काळजी घेतली तरी बहुतेक पिल्लं मरतात, शिवाय ती एकमेकांनाही खातात. म्हणून मड क्रॅब पाळणारे अजूनही मोठ्या प्रमाणात समुद्रातून पकडलेल्या पिल्लांवर अवलंबून आहेत. फार्मचा खेकडा म्हणजे निसर्गावर भार नाही असं समजू नका.

नराचं विचाराल तर, मीलन मादीने कात टाकल्यावर ती मऊ असतानाच होतं. नर तिला आधी काही दिवस पोटाखाली धरून फिरतो, नंतरही कवच घट्ट होईपर्यंत राखण करतो. मादी नराचं बीज साठवून ठेवते आणि त्या एकाच मीलनावर पुढे एकापेक्षा जास्त वेळा अंडी देऊ शकते. म्हणजे अशी एक मादी टोपलीत आली की फक्त आत्ताची अंडी जात नाहीत, पुढच्या खेपाही जातात.

ठराविक मापापेक्षा लहान खेकडा धरायचा नाही, हा साइजचा नियम यातूनच येतो. पकडण्याआधी प्रत्येक खेकड्याला निदान एकदा तरी प्रजननाची संधी मिळावी, एवढाच हिशोब. माप कवचाच्या रुंदीचं घेतात, वजनावर पूर्ण भरवसा नको, कारण नुकती कात टाकलेला खेकडा आकाराने मोठा आणि वजनाने हलका असतो. सगळीकडे एकच आकडा चालत नाही, पाण्याचं तापमान बदललं की वयात येण्याचा आकारही बदलतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मड क्रॅबचा फक्त नर धरता येतो आणि तोही 15 सेंटीमीटरपेक्षा लहान चालत नाही. इंडोनेशियाने 2015 मध्ये निळ्या खेकड्याला 10 सेंटीमीटरची अट घातली आणि अंडीवाल्या माद्या पकडायला बंदी केली. थायलंडच्या किनाऱ्यावर गावोगाव क्रॅब बँक आहेत, जाळ्यात आलेली अंडीवाली मादी कोळी तिथे आणून देतात, अंडी फुटेपर्यंत तिला ठेवतात आणि पिल्लं समुद्रात सोडतात. आम्हाला ही पद्धत फार आवडते, कारण त्यात मच्छीमारच पुढे असतो, त्याला कोणी गुन्हेगार ठरवत नाही.

पण नुसती अंडी वाचवून भागत नाही, पिल्लाला राहायला जागा हवी. जगातली खारफुटी 1980 मध्ये अंदाजे 188 लाख हेक्टर होती, ती 2005 पर्यंत 152 लाखांवर आली, हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. कोळंबीचे तलाव, शेती, बांधकाम, कारणं बरीच. आणि खेकडा तिथे नुसता भाडेकरू नाही, त्याच्या बिळांमुळे चिखलात हवा आणि पाणी खेळतं, पानं खाणारे छोटे खेकडे पडलेली पानं बिळात ओढतात, त्यातून तीच माती कसदार होते. एक गेलं की दुसरंही खंगतं.

हरवलेल्या सापळ्यांचाही विषय आहे. दोर तुटून तळाला गेलेला सापळा खेकडे पकडतच राहतो, आतले मरतात, त्यांच्या वासाने आणखी येतात. सापळ्याची एक बाजू कुजणाऱ्या सुती दोऱ्याने बांधली की दोरा कुजला की ती आपोआप उघडते, आणि खाली छोटी फट ठेवली की लहान खेकडे लगेच निसटतात. खर्च जवळजवळ काहीच नाही. आम्ही अशा सापळ्यांतला माल आधी घेतो.

भरलेला खेकडा ओळखायचा कसा, तर शेवटच्या पायाजवळ खालून अंगठ्याने दाबा. कडक लागला तर मांस भरलंय. दबला तर नुकती कात टाकलीय, कारण कात टाकताना खेकडा पाणी पिऊन फुगतो आणि मांस नंतर हळूहळू भरतं, असा खेकडा घेऊन तुमचंही नुकसान आणि त्याचंही. एक नांगी लहान असली तर घाबरू नका, संकटात तो स्वतःच पाय सोडून देतो आणि पुढच्या कातेला नवीन येतो, आधी छोटा.

घरी नेल्यावर बादलीत पाण्यात टाकू नका, साचलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि तो गुदमरतो. मड क्रॅब कल्ले ओले असतील तोवर हवेत श्वास घेऊ शकतो, ओलं फडकं घालून सावलीत, थेट वारा लागून कल्ले सुकणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा, नांग्यांचा दोरा सोडू नका. निळा खेकडा एवढा टिकत नाही, तो त्याच दिवशी वापरा. आणि कधी मेला हे माहीत नसलेला खेकडा खाऊ नका, त्याचं मांस फार झपाट्याने खराब होतं.