बंदिवास-भयपट

बंदिवास-भयपट : घरातील किंवा घरी आलेल्या एखाद्या व्यक्तीला वाड्यात, माडीवर अगर तळघरात डांबून ठेवले जाते आणि त्या डांबण्यामागे दडवलेले घराण्याचे पाप हळूहळू उघडे पडते, या दोन सूत्रांवर उभा असलेला भयपटाचा अल्पखर्ची प्रकार. त्यात भूत असते किंवा नसते. कोंडणारा मात्र बहुधा घरचाच असतो. रहस्यपटात गुन्हेगार कोण हे शेवटी कळते. येथे ते बरेच आधी कळते, आणि घरातल्या कुणाकुणाला हे ठाऊक होते व ते गप्प का राहिले, हा प्रश्न अखेरपर्यंत ताणला जातो. प्रस्तुत नोंदीत हा प्रकार मुख्यतः कोल्हापूरची चित्रपरंपरा, तेथील वाडे आणि संस्थानी इतिहास यांच्या अनुषंगाने पाहिला आहे.

खर्च आणि आशय : या प्रकारात कथानक आणि अंदाजपत्रक एकमेकांना धरून चालतात. एकच घर, पाच-सहा पात्रे, रात्रीची वेळ आणि बंद दार एवढ्यावर चित्रपट उभा राहतो. बाहेरची दृश्ये कमी असल्याने परवानग्या, गर्दी, वाहने यांचा खर्च टळतो आणि चित्रीकरण सलग काही आठवड्यांत उरकता येते. सुमारे आठ लाख डॉलरमध्ये, दूरचित्रवाणीचा तंत्रज्ञवर्ग घेऊन आल्फ्रेड हिचकॉकने १९६० साली केलेला कृष्णधवल ‘सायको’ या काटकसरीचे नेहमीचे उदाहरण म्हणून दिला जातो. तेथेही भयाचे मूळ आई, मुलगा आणि घरातली एक खोली यांतच आहे. भारतात तुलसी व श्याम रामसे यांच्या ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) पासून हाच हिशेब रुळला. रामसे बंधूंनी दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी अशी कामे घरातच वाटून घेतली होती आणि या चित्रपटाचे चित्रीकरण महाबळेश्वरला केले होते.

उगमाचा प्रश्न : या प्रकाराच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तो सर्वस्वी पाश्चात्त्य आहे. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) ही गॉथिक कादंबरी, शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’ (१८४७) मधली वरच्या मजल्यावर कोंडलेली पहिली पत्नी, तेथून हॉलिवूड, आणि कमाल अमरोहींच्या ‘महल’ (१९४९) मार्गे हिंदी पडदा, अशी ही वंशावळ मांडली जाते. ओसाड हवेली, करकरणारे दार, दिवा घेऊन जिन्यावर उभी असलेली स्त्री या दृश्यसंकेतांपुरते हे मत बरोबर आहे. दुसरे मत असे, की संकेत परके असले तरी गाभा इथला आहे. सवती, दत्तक, वारसा आणि भाऊबंदकी यांतून माणसाला कोंडण्याच्या हकिकती महाराष्ट्रात कादंबरीच्या पुष्कळ आधीपासून सांगितल्या जात होत्या. कोल्हापूरपुरते बोलायचे तर दुसऱ्या मताला जास्त आधार मिळतो. त्यासाठी दोन प्रकरणे सविस्तर पाहिली पाहिजेत.

पहिले प्रकरण पन्हाळ्याचे. छत्रपती राजाराम महाराजांच्या राण्यांपैकी दोघी, ताराबाई आणि राजसबाई. ताराबाईंनी आपला मुलगा दुसरा शिवाजी याच्या नावाने पन्हाळ्याहून राज्य चालवले. पुढे राजसबाईंच्या पक्षाने ताराबाईंना व त्यांच्या मुलाला कैदेत टाकून राजसबाईंचा मुलगा दुसरा संभाजी याला गादीवर बसवले. या घटनेच्या सालाबद्दल एकमत नाही. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ १७१२ हे साल देतो आणि दुसरा शिवाजी त्या वर्षी देवीच्या रोगाने वारला, मग सत्ताबदल झाला, असे लिहितो. नंतरच्या बहुतेक अभ्यासकांनी सत्तांतर १७१४ च्या सुमारास धरले आहे आणि दुसरा शिवाजी त्यानंतर दहा-बारा वर्षे कैदेत जगून १७२६-२७ च्या आसपास वारला, असे मानले आहे. दुसरी मांडणी अधिक ग्राह्य वाटते. देवीने आलेला मृत्यू आणि बंदिखान्यात झिजून आलेला मृत्यू यांत फरक आहे, आणि कथा म्हणून या घटनेचे वजन त्या फरकावरच ठरते.

प्रकरण तेथे संपत नाही. दुसऱ्या शिवाजीला रामराजा नावाचा मुलगा होता आणि त्याच्या जिवाला धोका म्हणून आपण त्याला लपवून वाढवले, असे ताराबाईंनी साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या अखेरच्या काळात उघड केले. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज वारल्यावर रामराजा साताऱ्याच्या गादीवर आला. तो आपल्या म्हणण्याप्रमाणे वागत नाही हे दिसताच ताराबाईंनी नोव्हेंबर १७५० मध्ये त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत टाकले. १७५२ साली जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन त्यांनी तो आपला नातूच नव्हे असे सांगितले. तो खरा नातू होता की तोतया, याचा निवाडा इतिहासकारांनी वेगवेगळा केला आहे. शपथ राजकीय होती असे मानण्याकडे कल अधिक दिसतो. स्वतः सोळा-सतरा वर्षे कोंडली गेलेली आजी पुढे ज्याला नातू म्हणून आणले त्यालाच कोंडते, एवढे कथासूत्र या प्रकाराच्या कोणत्याही पटकथाकाराला पुरेसे आहे. त्यात ताराबाईंना खलनायिका करण्याचा मोह टाळायला हवा. औरंगजेबाशी त्यांनी सात वर्षे दिलेली झुंज बाजूला ठेवून फक्त हा भाग उचलणे अन्यायाचे होईल.

दुसरे प्रकरण एकोणिसाव्या शतकातले, आणि या नोंदीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे. कोल्हापूरचे राजाराम महाराज नोव्हेंबर १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले. १८७१ मध्ये दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज तेव्हा लहान होते. पुढे त्यांना वेड लागले आहे असे जाहीर करून इंग्रज देखरेखीखाली ठेवण्यात आले. दिवाण माधवराव बर्वे यांच्या कारस्थानाने महाराजांचा छळ होतो आहे, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने केला. त्याच्या पुष्ट्यर्थ छापलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात १०१ दिवसांनी ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. महाराज मात्र सुटले नाहीत. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, विशीतच त्यांचा मृत्यू झाला.

महाराज खरोखर आजारी होते की त्यांना आजारी ठरवण्यात आले, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक आजार खरा पण वागणूक क्रूर होती असे म्हणतात, आणि हे मत संयत वाटते. पत्रे खोटी ठरली म्हणून छळही खोटा होता, असा निष्कर्ष निघत नाही. माणसाला वेडा ठरवून कोंडणे, त्याचे म्हणणे वेड्याचे म्हणून न ऐकणे आणि बाहेर बोलणाऱ्यालाच शिक्षा होणे, हे या चित्रप्रकाराचे तीन आधारखांब कोल्हापूरच्या लोकांनी पडद्यावर यायच्या आधी अनुभवले होते.

कोल्हापूरची चित्रपरंपरा : बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ (१९२०) मधील कीचकवधाचे दृश्य इतके अंगावर येणारे होते की सरकारने ते कापायला लावले. पडद्यावरील भीषणतेला कात्री लागण्याचे हे मराठी मुलखातले फार जुने उदाहरण होय. त्या कथेतही द्रौपदी परक्या राजवाड्यात ओळख लपवून अडकलेली आहे आणि तिला छळणारा राणीचा सख्खा भाऊ आहे, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये पेंटरांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. पडदे रंगवण्याऐवजी त्यांनी प्रत्यक्ष खोली असलेले नेपथ्य उभे केले. अंधार ठरवून निर्माण करणे आणि खोलीला खोली म्हणून दाखवणे, या दोन गोष्टींवाचून भयपट उभाच राहत नाही. ‘सावकारी पाश’ (१९२५) मधले दारिद्र्य आणि कर्जाची पकड हाही एक बंदिवासच होता, जरी त्या चित्रपटाला कोणी भयपट म्हणणार नाही.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली व १९३३ मध्ये पुण्याला गेली. जयप्रभा आणि शालिनी या स्टुडिओंमध्ये पुढे ऐतिहासिक व ग्रामीण चित्रपट झाले. भय हा त्यांचा प्रांत नव्हता. मात्र सुतार, रंगारी, वेशभूषाकार, मिशा-दाढ्या चिकटवणारे रंगभूषाकार अशी कुशल माणसे या स्टुडिओंनी तयार केली. मोरेवाडीच्या चित्रनगरीमुळे ही परंपरा टिकून आहे. थोड्या पैशांत काम करणाऱ्या निर्मात्याला कोल्हापूर सोयीचे वाटते ते या माणसांमुळे.

वाडा : कागल, इचलकरंजी, गगनबावडा, विशाळगड, कापशी या जहागिरींमुळे जिल्ह्यात मोठ्या वाड्यांची संख्या बरीच होती, शहरातील जुन्या पेठांतले वाडे आता इमारतींसाठी झपाट्याने पडत आहेत. वाड्याची रचनाच माणसांची वर्गवारी करते. दिंडी दरवाजातून येणारा परका सोप्यावर थांबतो, पाहुणा चौकापर्यंत येतो, माजघरात घरचेच जातात. त्यापलीकडे न्हाणी, परडे, माळा आणि बळद. भिंतीच्या पोटात धान्यासाठी ठेवलेली ही बंदिस्त जागा बाहेरून ओळखू येत नाही, म्हणून गुप्त खोली म्हणून ती फार पटते. जमिनीखालचे पेवही तसेच. पेव उघडल्यावर जाणते शेतकरी लगेच आत उतरत नाहीत; आतली हवा विषारी झालेली असते आणि उतरणारा गुदमरून मरू शकतो. ही साधी माहिती पटकथेत नीट वापरली तर कोणत्याही भुताची गरज उरत नाही.

पन्हाळ्यावरील सज्जाकोठीत संभाजीराजांना शिवाजी महाराजांनी नजरकैदेत ठेवले होते असे सांगितले जाते; निदान १६८० मध्ये महाराजांच्या निधनसमयी ते पन्हाळ्यावर होते हे निश्चित. त्याच गडावरची अंधारबाव ही वरून साध्या इमारतीसारखी दिसणारी तीन मजली विहीर आहे. मातीच्या जाड भिंती आवाज बाहेर जाऊ देत नाहीत, हा कथेतला सोयीचा मुद्दा ध्वनिमुद्रकालाही उपयोगी पडतो. कौलावरचा पाऊस मात्र संवाद बुडवतो, त्यामुळे गगनबावड्याकडे पावसाळ्यात चित्रीकरण केले तर संवाद पुन्हा मुद्रित करणे बहुधा अटळ असते.

ऊस : अलीकडच्या चित्रपटांत वाड्याच्या जोडीला उसाचा फड आला. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ (२०१७) मध्ये शहरातून पळून आलेले जोडपे उसाच्या रानातल्या एकाकी घरात आसरा घेते आणि गरोदर नायिका तेथे अडकते. त्या घराचे रहस्य मुलींच्या जिवाशी निगडित आहे. दिग्दर्शकाने स्वतःच हा चित्रपट ‘छोरी’ (२०२१) या नावाने हिंदीत केला. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला हे रहस्य दूरचे नाही. २००१ च्या जनगणनेत या सधन, ऊसवाल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कोणीही न बोललेली गोष्ट म्हणजे काय, याचे याहून ठळक उदाहरण नाही. म्हणूनच या प्रकारातल्या मराठी चित्रपटांत ‘लपाछपी’ला वरचे स्थान दिले पाहिजे. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) कोकणातल्या घराण्याचा लोभ आणि वाड्यात कोंडून ठेवलेली म्हातारी यांवर उभा असून दृश्यांच्या दृष्टीने अधिक श्रीमंत आहे. पण तो हिंदी आहे आणि अल्पखर्ची या वर्गात सहज बसत नाही.

उभा ऊस पुरुषभर उंचीच्या वर जातो, त्यात दहा पावलांवरचे दिसत नाही आणि पात्यांची सळसळ थांबत नाही. निर्मात्यासाठी अडचण एकच. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की तोड येते आणि काल चित्रित केलेला फड आज मोकळे रान झालेला असतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो, म्हणून तसा फड गाठणे व शेतकऱ्याशी तोडीची तारीख आधी ठरवणे श्रेयस्कर.

आक्षेप : या प्रकारावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मनोरुग्णांच्या चित्रणाविषयी आहे. साखळीला बांधलेला, केस पिंजारलेला नातेवाईक हे भीतीचे हुकमी साधन झाले आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. चौथ्या शिवाजी महाराजांच्या शहरात तयार होणाऱ्या किंवा पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटाने तरी भीती कोंडलेल्याची न दाखवता कोंडणाऱ्याची दाखवावी, ही अपेक्षा रास्त आहे. अंगात येणे, करणी, नरबळी यांच्या चित्रणावरही अंधश्रद्धेला खतपाणी घालण्याचा आरोप होतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतर पटकथेत शेवटी मांत्रिक भोंदू ठरवण्याकडे कल वाढला असावा.

वितरण : डिजिटल छायाचित्रण आणि डिजिटल प्रक्षेपण आल्यावर कच्च्या फिल्मचा व प्रतींचा खर्च गेला आणि लहान निर्माते या प्रकाराकडे वळले. प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाल्यास कौटुंबिक प्रेक्षक दुरावतो आणि दूरचित्रवाणीवरचे प्रक्षेपणही अडते, त्यामुळे रक्तपात कमी ठेवून आवाज व अंधारावर भर दिला जातो.