बरोबर वाचतो, पण फार हळू

पालकसभेत चौथीतल्या एखाद्या मुलाबद्दल एक ठरलेली तक्रार ऐकू येते: "वाचता येतं हो त्याला, पण वाचायला बसतच नाही. आळशी आहे नुसता." नाशिकच्या सिडकोतली मराठी शाळा असो की गंगापूर रोडवरची सेमी-इंग्रजी, वाक्य तेच. धडा समोर ठेवला तर मुलगा वाचून दाखवतो, चुकाही फारशा करत नाही. फक्त बाकीची मुले पान उलटतात तेव्हा तो तिसऱ्या-चौथ्या ओळीवर असतो. बाई म्हणतात सराव कमी पडतो, घरचे मोबाइलवर खापर फोडतात. डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन अवघड जाण्याची, शंका कुणाला येत नाही, कारण डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरे उलटी दिसणे, असेच सगळ्यांनी ऐकलेले असते.

ही समजूत जुनी आहे. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १४ वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकीकत लिहिली. पोरगा हुशार, गणितात तरबेज, पण स्वतःच्या नावाचे स्पेलिंगही मागेपुढे करायचा. मॉर्गन याला जन्मजात शब्दांधत्व म्हणाले, म्हणजे दोष नजरेच्या बाजूला गेला. पुढे १९२५ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन यांनी उलट्या अक्षरांवरच आपला सिद्धांत उभा केला. ऑर्टन यांनी सुचवलेली शिकवण्याची पद्धत पुष्कळ टिकली, सिद्धांत टिकला नाही. पाच-सहा वर्षांची बहुतेक मुले कधी ना कधी आरशातली अक्षरे काढतात आणि आपोआप सोडूनही देतात.

खरी गाठ सापडली ती कानाच्या बाजूला, १९७० च्या दशकात. इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना एक खेळ दिला: शब्द ऐकायचा आणि त्यात जितके तुकडे, तितक्या वेळा टेबलावर काठी आपटायची. चार वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांना उच्चारातले मोठे तुकडे ('का-ठी' असे) मोजता आले. सुटे ध्वनी मात्र त्या वयाच्या एकालाही मोजता आले नाहीत. बोलताना आपण ध्वनी एकात एक मिसळून टाकतो, ते वेगळे ऐकायची गरज फक्त वाचायला शिकताना पडते. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांची अडचण इथे असते. बुद्धीशी तिचा संबंध नाही.

मग मराठी मूल अडखळत का नाही? कारण लिपी त्याला सांभाळून घेते. इंग्रजीत एकच स्वर पाच प्रकारे लिहिला जातो, त्यामुळे तिथे अशा मुलाची चूक लगेच कानावर येते. जर्मन, इटालियन, मराठी यांत अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी बांधलेले असतात. (बऱ्यापैकीच. 'चहा' आणि 'चाक' यांतला च एक नाही, हे कुठल्याही तक्त्यावर लिहिलेले नसते.) २००१ मध्ये एका युरोपीय गटाने इटालियन, फ्रेंच आणि इंग्लिश प्रौढांचे मेंदू वाचताना तपासले. डिस्लेक्सिया असलेले इटालियन लोक वाचनात इतर दोघांपेक्षा सरस ठरले, पण तिघांच्याही मेंदूत डाव्या बाजूचा तोच भाग मंद होता. अडचण तीच, भाषेप्रमाणे ती वेगळी दिसते. नियमित लिपीत ती चुकांमधून दिसत नाही, वेळेतून दिसते. इंग्रजी संकेतस्थळांवरून उतरवलेल्या लक्षणांच्या याद्या घेऊन मराठी मुले तपासण्यात म्हणूनच धोका आहे.

आता देवनागरीचे स्वतःचे पेच. नाशिकच्या जुन्या सीबीएसवर, म्हणजे जुन्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उभे राहून बसच्या पाट्या वाचा. 'ओझर' सरळ आहे, लिहिले तसे आणि त्याच क्रमाने. 'निफाड'मध्ये डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि मग न, तोंडाला मात्र आधी न् म्हणायचा असतो. 'दिंडोरी'त तीच वेलांटी, शिवाय डोक्यावर टिंब. आणि ते टिंब ण् सारखे म्हणायचे, कारण पुढे ड आहे. 'त्र्यंबकेश्वर'च्या पहिल्या एका अक्षरात पाच ध्वनी कोंबलेले आहेत आणि त्यातल्या र चा पुरावा म्हणजे एक तिरकी रेघ. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, कारण आपण शिकून मोकळे झालो. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये दाखवले की हिंदी वाचणाऱ्यांना ऱ्हस्व वेलांटीचे शब्द वाचायला जास्त वेळ लागतो. सोनाली नाग यांचा कन्नड मुलांवरचा अभ्यास असे सांगतो की अक्षरे शिकणे पहिलीत संपत नाही, चौथीपर्यंत चालू राहते. कन्नडचीही घडण आपल्या बाराखडीसारखीच आहे. आपण मात्र दुसरीत बाराखडी 'झाली' असे धरून पुढे जातो.

बाराखडी हे तसे फार सुंदर कोष्टक आहे. आडवे गेले की स्वर बदलतो, उभे गेले की व्यंजन. पण ते चालीत म्हणून घेतले की मुलाला फक्त चाल पाठ होते. 'की' कुठून आली विचारले तर ते पुन्हा 'क'पासून म्हणत येते. वाचनात अडकणाऱ्या मुलासाठी कोष्टक उघडून दाखवावे लागते. व्यंजनांची पत्ती (पुठ्ठ्याचे कार्ड) वेगळी, काना-मात्रा-वेलांटीची वेगळी. 'काठी' मांडायची. क् काढून ल् ठेव, काय झाले? 'लाठी'. आता काना काढून ओकार लाव आणि क् परत आण: 'कोठी'. प्रत्येक बदल आधी तोंडाने, मग पत्तीने आणि शेवटी पेन्सिलीने. हे आपोआप लक्षात येईल म्हणून सोडून द्यायचे नाही, सांगून करून घ्यायचे, सोप्याकडून अवघडाकडे, जोडाक्षरे आणि रफार अगदी शेवटी.

आवाज आणि अक्षर एकत्र का, याला चांगला आधार आहे. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. आपल्याकडे करायचा तर माती, माळ, मासा, घर यांतला वेगळ्या आवाजाचा शब्द ओळखायचा, अशा धर्तीचा. चार-पाच वर्षांच्या ४०० हून अधिक मुलांची अशी चाचणी घेऊन, त्यांतल्या कच्च्या ६५ जणांचे गट करून दोन वर्षे सराव दिला. ज्या गटाने आवाजांच्या खेळासोबत प्लास्टिकची अक्षरेही हाताळली, तो वाचनात सगळ्यांच्या पुढे गेला. नुसते आवाज शिकलेला गट इतका नाही.

उशीर झाला तर काय होते, तेही माहीत आहे. जोसेफ टॉर्गेसन यांच्या गटाने २००१ मध्ये वाचनात अडकणाऱ्या, आठ ते दहा वर्षांच्या ६० मुलांना आठ आठवडे, दिवसातून ५० मिनिटांची दोन सत्रे, एकास एक असे शिकवले. एकूण साडेसदुसष्ट तास. मुलांच्या वाचनातली अचूकता सरासरीच्या पट्ट्यात आली आणि दोन वर्षांनीही टिकली. वेग मात्र तितका सावरला नाही. आपली मूळ तक्रार नेमकी वेगाचीच आहे, हे लक्षात घ्या. वेगासाठी त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय अगदी साधा आहे: छोटा उतारा मोठ्यांसोबत मोठ्याने वाचायचा आणि तोच तीन-चारदा वाचायचा. रोज नवा धडा उरकण्यापेक्षा यात फायदा जास्त.

रंगीत काचांचे चष्मे आणि 'तुमचं मूल व्हिज्युअल लर्नर आहे' सांगणाऱ्या महागड्या चाचण्या यांवर पैसे घालवू नका. दोन्हींना पुराव्याचा आधार नाही.

नाशिक जिल्ह्यात आणखी एक गुंता आहे. सटाणा, कळवण, मालेगावकडचे मूल घरी अहिराणी बोलते. तिथे शाळा ही 'शाया' असते, डोळा हा 'डोया'. असे मूल श्रुतलेखनात 'शाया' लिहिते तेव्हा घरच्या बोलीतला ध्वनी त्याने अचूक अक्षरात उतरवलेला असतो. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड जमल्याचाच हा पुरावा, आणि तपासणाऱ्याला अहिराणी येत नसेल तर लाल रेघ ठरलेली. सुरगाणा-पेठकडच्या कोकणा बोलणाऱ्या मुलांचेही तेच. उलट बाजूही आहे: 'भाषेचा प्रश्न आहे, होईल हळूहळू' म्हणत खरा डिस्लेक्सिया वर्षानुवर्षे मागे राहतो. अशा ठिकाणी घरच्या बोलीत आवाजांचे खेळ घेऊन पाहावेत. बोलीतही जमत नसेल तर शंका घ्यायला जागा आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डिस्लेक्सिया ओळखायची 'डाली' नावाची चाचणी हिंदी, इंग्रजी आणि कन्नडबरोबर मराठीतही तयार केली आहे. अहिराणीत कुणी करायची, हा प्रश्न उरतोच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. प्रमाणपत्र मिळाले की लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ, अशा सवलती मिळू शकतात. पण पक्के निदान साधारण आठव्या वर्षानंतरच होते, आणि ब्रॅडली-ब्रायंटची मुले सराव सुरू झाला तेव्हा त्याहून लहान होती. अक्षरांच्या पत्त्यांचा खेळ सुरू करायला प्रमाणपत्र लागत नाही, आणि मुलाला डिस्लेक्सिया नाही असे निघाले तरी त्यात नुकसान कसले?

बाईंना किंवा आईला आजच करून पाहता येईल असे एक काम आहे. गणिताच्या पुस्तकातले शाब्दिक उदाहरण घ्या: द्राक्षांच्या एका पेटीत ४ किलो, गाडीत ६५ पेट्या, तर एकूण वजन किती. मुलाला ते स्वतः वाचून सोडवू द्या आणि घड्याळ बघा. मग तसेच दुसरे उदाहरण, आकडे बदलून, तुम्ही वाचून दाखवा. दुसरे चटकन सुटले आणि पहिल्यावर पोरगा पेन चावत बसला, तर गणिताची शिकवणी लावण्याआधी त्याच्या वाचनाकडे बघा.