डीफायमधले पैसे कुठून गळतात : २०१६पासूनची पार्श्वभूमी

डीफाय म्हणजे बँकेशिवाय, ब्लॉकचेनवरच्या कोडने चालणारे आर्थिक व्यवहार. २०१६च्या मे महिन्यात इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या (पुढे तिलाच साखळी म्हटले आहे) ‘द डीएओ’ या सामायिक निधीत सुमारे १५ कोटी डॉलरचे इथर, म्हणजे इथेरियमचे चलन, जमा झाले. १७ जूनला त्यातले ३६ लाख इथर बाहेर पडले. ना पासवर्ड फुटला, ना सर्व्हर. कोड लिहिला होता तसाच चालला.

चूक ओळींच्या क्रमात होती. पैसे काढणाऱ्याला कॉन्ट्रॅक्ट (साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्राम) आधी इथर पाठवी आणि मग त्याच्या नावची शिल्लक उतरवी. पण घेणारे स्वतःच एक कॉन्ट्रॅक्ट असेल, तर इथर हाती पडताच त्याचा कोड चालू होतो आणि तो लगेच पुन्हा पैसे मागतो. शिल्लक अजून जुनीच असल्याने तपासणी पुन्हा पार पडते. यालाच रिएन्ट्रन्सी म्हणतात. उपाय सोपा: आधी तपासा, मग शिल्लक उतरवा, पैसे अगदी शेवटी पाठवा. शिवाय फंक्शन चालू असताना कोणी पुन्हा आत येऊ नये म्हणून एक कुलूप लावा. गोव्यात झुआरीनगरला किंवा फर्मागुढीला सॉलिडिटी (अशी कॉन्ट्रॅक्ट लिहिण्याची भाषा) शिकू पाहणाऱ्याने टेस्टनेटवर (खऱ्या पैशांविना चालणाऱ्या सरावाच्या साखळीवर) ही चूक आधी मुद्दाम करून पाहावी. २० जुलै २०१६ला साखळीलाच नवा फाटा फोडून ते इथर परत मिळवले गेले. ज्यांना हे पटले नाही, ते जुन्या साखळीवर राहिले. तीच इथेरियम क्लासिक.

एवढ्यावर रिएन्ट्रन्सी संपायला हवी होती. ३० जुलै २०२३ला कर्व्ह या क्रिप्टो-चलने बदलून देणाऱ्या सेवेचे काही पूल (चलनांचे सामायिक साठे) याच वाटेने रिकामे झाले, आणि तेही कोडमध्ये कुलूप असताना. व्हायपर ही कॉन्ट्रॅक्टची दुसरी भाषा. तिच्या कंपायलरच्या (लिहिलेल्या कोडचे साखळीवर चालणाऱ्या कोडात रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) ०.२.१५, ०.२.१६ आणि ०.३.० या आवृत्त्या एकाच नावाच्या कुलपासाठी प्रत्येक फंक्शनला वेगळी जागा देत. एक दार बंद झाले तरी शेजारचे उघडेच. ऑडिटर वाचतो तो मूळ कोड; साखळीवर चालतो तो कंपायलरने काढलेला.

मधल्या काळात, नोव्हेंबर २०१७मध्ये, पॅरिटी कंपनीच्या शेकडो वॉलेटांचे (क्रिप्टो ठेवण्याच्या खात्यांचे) सामायिक लायब्ररी कॉन्ट्रॅक्ट कोणी तरी आपल्या मालकीचे करून नष्ट केले. ते एकदा ‘इनिशियलाइझ’ करायचे, म्हणजे त्याचा मालक नेमायचे, राहून गेले होते. पाच लाखांहून अधिक इथर तेव्हापासून अडकले आहेत.

२०२०पासून फ्लॅश लोन आले. तारण न ठेवता पूलमध्ये असेल तितके कर्ज घ्या, पण त्याच व्यवहारात फेडा. नाहीतर सगळा व्यवहार रद्द. उथळ पूलमधला भाव क्षणभर वाकवायला आणि त्या भावावर दुसरीकडे कर्ज उचलायला हे पुरते. फेब्रुवारी २०२०मध्ये बीझेडएक्स या कर्ज देणाऱ्या सेवेवर तेच झाले. १७ एप्रिल २०२२ला मतदानाने चालणाऱ्या बीनस्टॉक प्रकल्पात तर मतेच उसनी आणली गेली. प्रस्ताव आदल्या दिवशी मांडून ठेवला होता. सुमारे १०० कोटी डॉलर उचलून दोन तृतीयांशांहून जास्त मताधिकार मिळवला, प्रस्ताव मंजूर केला, तिजोरी उपसली आणि कर्ज फेडले. प्रकल्पाचे नुकसान १८ कोटी डॉलरच्या वर. आपल्या गावकारीत (गोव्यातल्या जुन्या गावसंस्थेत) हक्क वंशाने येतो, तो सकाळी उसना घेऊन दुपारी परत करता येत नाही. बीनस्टॉकमध्ये मत टोकनाला (साखळीवरच्या नाण्याला) होते आणि टोकन भाड्याने मिळत होते.

साखळ्या जोडणारे ब्रिज याहून वाईट ठरले. १ ऑगस्ट २०२२ला नोमॅड या ब्रिजमधून सुमारे १९ कोटी डॉलर गेले. अपग्रेडमध्ये शून्य हे ‘रूट’ (साखळ्यांमधले निरोप पडताळण्याचा आकडा) विश्वासू ठरले, आणि न पडताळलेल्या निरोपाचे रूट आपोआप शून्यच असते. पुढच्यांनी पहिल्याचा व्यवहार उचलून फक्त पत्ता बदलला. त्याआधी मार्चमध्ये रोनिन ब्रिजच्या नऊपैकी पाच किल्ल्या (सही करण्याचे गुप्त संकेत) चोरीला गेल्या, १,७३,६०० इथर गेले, आणि ते लक्षात यायला सहा दिवस लागले. तिथे कोडचा दोषच नव्हता.

गोव्यातल्या खातेदारांपर्यंत हे पोचले ते १८ जुलै २०२४ला. वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो-बाजाराच्या मल्टिसिग (अनेकांच्या सह्या लागणाऱ्या) वॉलेटमधून सुमारे २३.५ कोटी डॉलर गेले आणि पैसे काढणे बंद झाले. सहांपैकी चार सह्या लागत, त्या मिळाल्याही. कंपनीच्या म्हणण्यानुसार पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि सही झालेला व्यवहार वेगळे होते. २१ फेब्रुवारी २०२५ला बायबिट या क्रिप्टो-बाजारातून सुमारे १५० कोटी डॉलर याच पद्धतीने गेले. सेफ या मल्टिसिग वॉलेटच्या व्यवहारात ‘ऑपरेशन’ नावाचा रकाना असतो: ० म्हणजे साधा कॉल, १ म्हणजे डेलिगेटकॉल, ज्यात परका कोड वॉलेटच्याच अधिकाराने चालतो. बायबिटच्या त्या व्यवहारात तिथे १ होता. सही करण्याआधी हा रकाना हार्डवेअर वॉलेटच्या (किल्ली ठेवणाऱ्या वेगळ्या उपकरणाच्या) पडद्यावर किंवा वेगळ्या संगणकावर उलगडून वाचावा. ज्या वेबपानावरून व्यवहार तयार झाला, त्याच पानावर नव्हे.